मोटारीच्या ब्रेकची तबकडी : भोके, खाचा आणि उष्णतेचा हिशेब

दिल्लीच्या आग्नेयेस, यमुनेच्या पैलतीरी नोएडा हे शहर वसले आहे. हे नाव प्राचीन नाही. इ. स. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी’ या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ते तयार झाले. या शहराला लागूनच ग्रेटर नोएडा हे दुसरे नगर उभे राहिले आणि तेथे यमुना द्रुतगती मार्गाच्या काठी मोटारींच्या शर्यतीसाठी ‘बुद्ध इंटरनॅशनल सर्किट’ हा धावमार्ग बांधण्यात आला. इ. स. २०११, २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वन या प्रकारातील ‘इंडियन ग्राँ प्री’ भरली. तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटेल विजयी झाला. पहिल्या दोन शर्यतींत भारताचा नारायण कार्तिकेयनही धावला होता.

या शर्यतींत प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरणारी एक गोष्ट म्हणजे चाकाच्या आत क्षणभर नारिंगी तेजाने पेटलेली ब्रेकची तबकडी. तिची छायाचित्रे जवळून पाहिली, तर तिच्यात शेकडो भोके दिसतात. दिल्लीच्या काश्मीरी गेट भागात मोटारींच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. तेथे आणि तशाच इतर बाजारांत सामान्य मोटारीसाठीही भोकांच्या, खाचांच्या, रंगीत मुलामा दिलेल्या तबकड्या मिळतात. मूळची साधी तबकडी झिजली की मोटारीच्या मालकापुढे प्रश्न उभा राहतो : पुन्हा साधीच घ्यावी, की शर्यतीतल्यासारखी दिसणारी, अधिक किमतीची घ्यावी? या प्रश्नाचे उत्तर भोकांच्या देखणेपणात सापडत नाही. त्यासाठी प्रथम उष्णतेचा हिशेब मांडावा लागतो.

तबकडीचा ब्रेक ही कल्पना जुनी आहे. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने इ. स. १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. परंतु योग्य घर्षणद्रव्याच्या अभावी ती मागे पडली आणि ड्रमच्या ब्रेकने अर्धे शतक गाजविले. इ. स. १९५३ च्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तबकडीचे ब्रेक लावलेल्या जग्वार गाडीने विजय मिळविला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वळले. दोनच वर्षांनी सित्रोएन डी. एस. या नेहमीच्या वापराच्या मोटारीच्या पुढच्या चाकांना तबकड्या आल्या. रचना अगदी सरळ आहे. चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर. आणि कॅलिपरच्या दोन जबड्यांत घर्षणद्रव्याची दोन पॅडे. चालकाने पायाने दाबलेल्या पट्टीचा दाब द्रवामार्फत कॅलिपरपर्यंत पोहोचतो आणि पॅडे तबकडीला आवळतात.

ब्रेक वेग नाहीसा करतो, असे बोलण्याची रीत आहे. वास्तविक ब्रेक हे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र आहे. १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे २७.८ मीटर, वेगाने जात आहे असे मानू. वस्तुमानाचा निम्मा आकडा घेऊन त्यास वेगाच्या वर्गाने गुणले असता गतिज ऊर्जा मिळते. ती येथे सुमारे ४ लाख ६३ हजार ज्यूल भरते. गाडी थांबताना तिचा भार पुढे झुकतो. यास्तव ब्रेकच्या कामाचा मोठा वाटा पुढच्या चाकांकडे येतो. हा वाटा शेकडा ७० धरला, तर पुढच्या प्रत्येक तबकडीच्या वाट्याला १ लाख ६२ हजार ज्यूल येतात. तबकडी ६ किलोग्रॅमची असेल आणि एक किलोग्रॅम बीड एक अंशाने तापण्यास सुमारे ४६० ज्यूल लागत असतील, तर एका थांबण्याने तबकडीचे तापमान सुमारे ५९ अंश सेल्सिअसने वाढेल.

एकोणसाठ अंश ही काही भयंकर वाढ नव्हे. नोएडाच्या रस्त्यांवर तर ताशी १०० चा वेग क्वचितच गाठला जातो. चौकाचौकांत ताशी ४० वरून थांबणे हाच नित्यक्रम. वेग अडीचपटीने कमी झाला की ऊर्जा सव्वासहा पटींनी कमी होते, म्हणजे तबकडी प्रत्येक वेळी जेमतेम ९ ते १० अंशांनी तापते आणि पुढील सिग्नलपर्यंत वारा त्यातील काही उष्णता घेऊन जातो. ग्रेटर नोएडापासून आग्र्यापर्यंत १६५ किलोमीटर पसरलेल्या आणि इ. स. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या यमुना द्रुतगती मार्गावर वेग अधिक असतो खरा; पण तेथे ब्रेकवर पाय वारंवार पडत नाही. सपाट प्रदेशातील मोटारीची तबकडी सहसा उष्णतेने हैराण होत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता तीच मोटार बोरघाटात आणू. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना रस्ता सुमारे ५०० मीटर खाली येतो. गाडीचे वजन आणि उतरण यांचा गुणाकार केला, तर सुमारे ५९ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कोठेतरी जिरविणे भाग पडते. ही ऊर्जा ताशी १०० वरून जवळजवळ १३ वेळा थांबण्याइतकी आहे. चालकाने गिअर न उतरविता सर्व भार ब्रेकवर टाकला आणि वाऱ्याने काहीच उष्णता नेली नाही असे मानले, तर पुढच्या तबकड्या ७५० अंशांनी तापतील. वारा उष्णता नेतो, म्हणून प्रत्यक्षात एवढा आकडा गाठला जात नाही; पण त्याच्या निम्मे तापमानही अनर्थ घडविण्यास पुरेसे असते. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे खेचून धरते आणि या ऊर्जेचा बराच भाग स्वतःकडे घेते; घाटातल्या पाट्यांवर ‘खालचा गिअर वापरा’ असे लिहिलेले असते, त्यामागचे गणित हे असे आहे.

शर्यतीच्या गाडीचे गणित आणखी निराळे. बुद्ध सर्किटची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची आणि शर्यत ६० फेऱ्यांची होती. तिसऱ्या व चौथ्या वळणांच्या दरम्यान एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टी आहे. तिच्या शेवटी ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने येणारी गाडी अतितीव्र वळणासाठी अवघ्या काही क्षणांत मंद करावी लागे. ७०० किलोग्रॅमची गाडी ताशी ३०० वरून १०० वर आली, तरी २१ लाखांहून अधिक ज्यूल ऊर्जा काढून टाकावी लागते. त्यातील काही भाग हवेच्या विरोधाने जातो, उरलेला ब्रेकवर पडतो. आणि प्रत्येक फेरीत ही एकच जागा नसते. असे काम बिडाच्या तबकडीकडून व्हावयाचे नाही. म्हणून त्या गाड्यांना कार्बनच्या तंतूंनी बळकट केलेल्या कार्बनच्याच तबकड्या असतात. त्या काळच्या नियमांनुसार त्यांचा व्यास २७८ मिलिमीटर आणि जाडी २८ मिलिमीटरपर्यंत असे. शेकडो अंशांपर्यंत तापल्यावरच हे द्रव्य उत्तम पकड देते. ते थंड असताना बाजाराला निघालेल्या गृहस्थाने पहिल्या चौकात ब्रेक दाबला, तर त्याची निराशाच व्हावयाची.

तिच्यातील भोकांसंबंधी सर्वसाधारण समजुतीत एक मोठी गफलत आहे. शर्यतीच्या तबकडीतील ती शेकडो भोके तिच्या कडेवर असतात. ती केंद्राकडून परिघाकडे, तबकडीच्या जाडीच्या आतून, नळीसारखी जातात. पॅड जेथे घासते तो चेहरा अखंड असतो. इ. स. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये याच मार्गावर मोटारसायकलींची ‘मोटोजीपी’ शर्यत झाली. त्या प्रकारात वापरल्या जाणाऱ्या कार्बनच्या तबकड्यांचे चेहरेही बिनभोकांचेच असतात. बाजारातील ‘ड्रिल’ केलेल्या तबकडीची भोके मात्र चेहऱ्यावर, आरपार असतात. दोहोंना भोकेच म्हणतात, पण त्यांचे काम वेगळे आहे.

कडेवरील वायुमार्गाचे तत्त्व सामान्य मोटारीतही वापरले जाते, आणि ते फार उपयुक्त आहे. पुढच्या चाकांच्या तबकड्या बहुधा भरीव नसतात; दोन पातळ चकत्या आणि त्यांच्यामध्ये उभ्या पट्ट्या अशी त्यांची घडण असते. तबकडी फिरू लागली की ती पंख्याचे काम करते : मधल्या भागाकडून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. काही तबकड्यांत या आतील पट्ट्या वक्र असतात. अशा तबकड्या डाव्या व उजव्या चाकांसाठी वेगळ्या घडविलेल्या असतात आणि पट्ट्यांचा बाक फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेला असावा लागतो. पुष्कळ कारागीर बाहेरच्या खाचांची दिशा पाहून डावी-उजवी ठरवितात. ते बरोबर नाही. कडेतून आत डोकावून पट्ट्यांचा बाक पाहावा, किंवा निर्मात्याने कोरलेला बाण पाहावा. मूळ गाडीला अशी पोकळ तबकडी असेल, तर तिच्या जागी स्वस्त म्हणून भरीव तबकडी बसविणे ही चूक होय. ती कॅलिपरमध्ये बसणारही नाही, आणि बसविलीच तर घाटात दगा देईल.

चेहऱ्यावरील भोके कशासाठी आली? पूर्वीच्या पॅडांतील राळेसारखी बंधकद्रव्ये अतिशय तापली की त्यांतून वायू सुटत. तो वायू पॅड आणि तबकडी यांच्यामध्ये पातळ थर धरी आणि पकड ढिली होई. वायूला निसटण्यास वाट मिळावी म्हणून भोके पाडण्यात आली. आधुनिक पॅडे कारखान्यातच भाजून घेतलेली असतात, त्यामुळे हे कारण आता बरेचसे क्षीण झाले आहे. उरलेले फायदे खोटे नाहीत, पण लहान आहेत. भोकांच्या आतील भिंतींमुळे वाऱ्याला थोडे अधिक पृष्ठ मिळते. पावसाचे पाणी चटकन निघून जाते. वजन किंचित घटते. हे ‘किंचित’ किती? ६ मिलिमीटर व्यासाची ६० भोके, प्रत्येकी ७ मिलिमीटर जाडीच्या दोन्ही चकत्यांतून आरपार पाडली, तर सुमारे १७० ग्रॅम बीड निघून जाते. ६ किलोग्रॅममध्ये ही घट शेकडा तीनहूनही कमी आहे. आणि ती निव्वळ लाभाची नाही. उष्णता साठविण्याचे पात्रच तेवढे लहान झालेले असते.

शाळेत घर्षणाचा नियम शिकलेला विद्यार्थी येथे एक शंका काढील : भोकांमुळे स्पर्शाचे क्षेत्र घटले, तर घर्षण घटणार नाही काय? नाही. घर्षणाचे बल दाबणाऱ्या बलावर आणि घर्षणांकावर अवलंबून असते. क्षेत्रावर, स्थूलमानाने, नाही. क्षेत्र घटले की उरलेल्या जागेवर दाब वाढतो आणि झीज तेवढी लवकर होते, एवढेच. याच नियमाची दुसरी बाजू अशी की केवळ चेहऱ्यावरील नक्षी बदलून ब्रेकचे बळ वाढत नाही. ते वाढते तबकडीचा व्यास वाढविल्याने, पॅडाचा घर्षणांक वाढविल्याने, किंवा दाब वाढविल्याने.

भोकांची खरी किंमत तडे जाण्यात मोजावी लागते. जर्मन अभियंता किर्श याने इ. स. १८९८ मध्ये गणिताने दाखविले की ताणलेल्या रुंद पत्र्यात लहानसे गोल भोक पाडले, तर भोकाच्या काठावरील ताण इतर भागाच्या तिप्पट होतो. नदीच्या पात्रात खांब उभा केला की प्रवाह त्याच्या दोन्ही कुशींना दाटून वाहतो, तसाच ताण भोकाच्या कुशीत दाटतो. तबकडीला हा ताण उष्णतेमुळे मिळतो. ब्रेक दाबताच चेहरा तापून प्रसरण पावू पाहतो, आतील भाग अजून थंड असतो आणि त्याला रोखून धरतो. पुन्हा थंड होताना उलटी ओढाताण चालते. थंड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला असता जे होते, त्याचीच ही सौम्य पण शेकडो वेळा घडणारी आवृत्ती आहे. करडे बीड दाब उत्तम सोसते. त्यातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे ते उष्णता चांगली वाहते आणि कंपने शोषून घेते. तथापि ताण सोसण्यात ते दुबळे आहे. म्हणून भोकांपासून केसासारख्या बारीक भेगा सुरू होतात, आणि एका भोकाची भेग शेजारच्या भोकाला मिळाली, की तबकडी काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. चांगले निर्माते भोकांच्या कडा गोलसर घासतात आणि त्यांची मांडणी विचाराने करतात. साध्या तबकडीला कोणा कारखान्यात यंत्राने भोके पाडून घेणे मात्र सर्वथा वर्ज्य मानावे. आतील पट्ट्या कोठे आहेत याची दखल न घेता पाडलेले भोक पट्टीच कापून टाकू शकते.

मोटारसायकलीच्या तबकडीला भोके असतातच, मग मोटारीला का नकोत, असेही विचारले जाते. मोटारसायकलीची तबकडी बहुधा गंज न धरणाऱ्या पोलादाची, पातळ आणि उघडी असते. पोलाद ताण चांगला सोसते, उघड्या तबकडीवर पावसाचे पाणी सरळ येते आणि लहान चाकाचे वजन कमी राखणे महत्त्वाचे असते. तेथे भोके शोभतात आणि कामालाही येतात.

खाचांच्या तबकडीचे प्रकरण थोडे निराळे आहे. खाच चेहऱ्यावर उथळ कोरलेली असते, आरपार जात नाही. त्यामुळे भेगांचे भय कमी. फिरताना तिची कड पॅडाच्या पृष्ठावरून रंध्यासारखी जाते, त्यावर बसलेली चकचकीत साय खरवडते, धूळ व पाणी बाहेर लोटते. घाटात नेहमी भार घेऊन जाणाऱ्या किंवा हौशी शर्यतींत उतरणाऱ्या गाडीला याचा उपयोग होतो. मोबदल्यात पॅडे लवकर झिजतात आणि जोराने ब्रेक दाबता एक घरघर ऐकू येते, जी पुष्कळांना सुरुवातीस बिघाड वाटते. भोके आणि खाचा दोन्ही असलेल्या तबकडीत दोहोंचे गुण एकत्र येतात असे विक्रेते सांगतात. दोष एकत्र येतात हे सांगण्यास विसरतात. कार्बन व सिलिकॉन कार्बाइड यांच्या संयोगाने बनलेल्या तबकड्या पोर्शे कंपनीने इ. स. २००१ च्या सुमारास रस्त्यावरील गाड्यांसाठी आणल्या. त्या हलक्या, न गंजणाऱ्या आणि टिकाऊ असतात, पण त्यांची किंमत पाहता सामान्य मोटारीच्या संदर्भात त्यांचा विचार येथे करण्याचे कारण नाही.

आणखी एक भ्रम दूर करणे अगत्याचे आहे. नवी तबकडी लावल्याने गाडी कमी अंतरात थांबेल, अशी आशा बाळगली जाते. निकोप ब्रेक, मग तो कोणत्याही तबकडीचा असो, एकदा जोराने दाबला असता चाके जाम करण्याइतका समर्थ असतोच. तशी वेळ येताच ए. बी. एस. ही यंत्रणा दाब क्षणोक्षणी सैल करते. म्हणजे थांबण्याच्या अंतराची शेवटची मर्यादा टायर आणि रस्ता यांच्यामधील घर्षण घालून देते. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.८ धरला, तर ताशी १०० वरून थांबण्यास सुमारे ४९ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर तो ०.५ झाला, तर ७९ मीटर. याशिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर २८ मीटर वायाच जातात. हिवाळ्यात नोएडाच्या परिसरात दाट धुके पडते, दृष्टी पन्नास मीटरही पोहोचत नाही. त्या वेळी हे आकडे ज्याला ठाऊक आहेत तो वेग आपोआप आवरील. गुळगुळीत झालेले टायर बदलण्यास लागणारा पैसा भोकांच्या तबकडीवर खर्च करणे हा, हिशेबाने पाहता, उलटा व्यवहार ठरतो.

घाटात ब्रेक ‘लागत नाही’ असे होते तेव्हा दोन कारणे संभवतात. एक, पॅड त्याच्या सोसण्यापलीकडे तापून त्याचा घर्षणांक घसरतो. या वेळी पट्टी कडकच असते, पण गाडी आवरत नाही. दुसरे, द्रव उकळतो. मग पट्टी मऊ लागते आणि थेट तळाला जाते. कारागीर ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात ते सामान्यतः खनिज तेल नसून ग्लायकोल वर्गातील द्रव असते आणि ते हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ३ प्रतीचा ताजा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ प्रतीचा २३० अंशांपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. पाणी मुरल्यानंतरची हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. द्रवाची वाफ झाली की ती दाबली जाते आणि पायाचा दाब कॅलिपरपर्यंत पोहोचत नाही. या अवस्थेत तबकडीवर भोके आहेत की खाचा, याला काही अर्थ उरत नाही. वर्षानुवर्षे द्रव न बदललेली गाडी नोएडाच्या सपाट रस्त्यावर निमूट चालते, आणि तीच सुट्टीत मसुरीच्या किंवा नैनितालच्या घाटातून उतरताना प्रथमच परीक्षेला बसते. पाच माणसे आणि सामान यांनी भरलेल्या त्या गाडीत चूक सुधारण्यास वेळ मिळत नाही.

तेव्हा निवड कशी करावी? शहरात व द्रुतगती मार्गावर चालणाऱ्या मोटारीला मूळ मापाची, साध्या चेहऱ्याची, पुढे पोकळ वायुमार्ग असलेली, चांगल्या बिडाची तबकडी हीच योग्य होय. घाटरस्ता नित्याचा असेल, तर खाचांची तबकडी आणि अधिक उष्णता सोसणारी पॅडे यांचा विचार करावा. भोकांची तबकडी मूळ निर्मात्यानेच त्या गाडीला दिली असेल तर तीच पुन्हा घ्यावी. एरवी तिचा मोह टाळावा. खरेदी करताना सुटा भाग वजनकाट्यावर ठेवून मूळ भागाशी ताडून पाहणे ही साधी पण चांगली कसोटी आहे. बीड वाचवून स्वस्त केलेली तबकडी तेथे उघडी पडते. तबकडीच्या टोपीवर वा कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तोही पाहून घ्यावा. तबकड्या नेहमी जोडीने बदलाव्यात.

अधिक मोठ्या व्यासाच्या तबकड्या व नवे कॅलिपर बसविणे हा निव्वळ दुरुस्तीचा विषय राहत नाही. पुढच्या आणि मागच्या ब्रेकांचा समतोल कारखान्याने मोजूनमापून ठरविलेला असतो, तो त्यामुळे बिघडू शकतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल अशा बदलास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही इ. स. २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला आहे. म्हणून असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी केलेली बरी. ब्रेकची रीतसर परीक्षा कशी होते हे समजून घेऊ इच्छिणाऱ्याने पुण्यात इ. स. १९६६ पासून कार्य करीत असलेल्या ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ या संस्थेच्या कार्याचा परिचय करून घ्यावा. अशा परीक्षेत जड चक्र गाडीच्या भाराइतक्या ऊर्जेने फिरवितात, ब्रेक लावून ते थांबवितात, आणि प्रत्येक वेळी तापमान व घर्षण यांची नोंद घेत ही क्रिया पुनःपुन्हा करतात.

नवी तबकडी बसविताना चाकाचा हब घासून स्वच्छ करावा, कारण तेथे राहिलेला गंजाचा एक कण तबकडीच्या कडेला कितीतरी पटींनी मोठा डगमग निर्माण करतो. चाकाचे नट हवेच्या बंदुकीने अंदाजाने न आवळता ठरलेल्या बळानेच आवळावेत. तबकडी वाकली म्हणून स्टिअरिंग थरथरते, असे गॅरेजात नेहमी ऐकू येते. पुष्कळदा ती वाकलेली नसते, पॅडाचे द्रव्य तिच्यावर असमान चिकटलेले असते. हे टाळण्यासाठी पहिल्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नाही हे पाहून, ताशी ६० च्या वेगावरून ताशी १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा गाडी मंद करावी, मधून तबकडीला वारा लागू द्यावा, आणि तापलेल्या स्थितीत पट्टी दाबून धरून उभे राहू नये. त्यानंतर काही किलोमीटर ब्रेकचा वापर न करता गाडी चालविली, की पॅडाचा पातळ, सारखा थर तबकडीवर बसतो आणि तिचा करडा चेहरा किंचित निळसर दिसू लागतो.